जॉर्ज मॅलरी आणि नॉर्थ कोलचा उतार



एव्हरेस्टचा विषय निघाला की मुलांच्या तोंडी दोन नावे तयार असतात, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी. २९ मे १९५३ ही तारीखसुद्धा काहींना येते. वर्गात एखादं वाचनवेडं पोर असलं तर ते जॉर्ज मॅलरीचं नाव काढतं, आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मॅलरी १९२४ सालीच वर पोहोचला होता का? या प्रश्नावर जगभर पुस्तकांमागून पुस्तके निघाली आहेत. मला मात्र त्याच्या आयुष्यातला कसोटीचा भाग शिखरावर दिसत नाही. तो शिखराच्या पुष्कळ खाली, सुमारे सात हजार मीटर उंचीच्या एका खिंडीखालच्या हिमाच्या उतारावर दिसतो. त्या उतारावर तो तीन वेगवेगळ्या वर्षी गेला. आज त्याच उताराला धरून त्याचं चरित्र सांगणार आहे.

हा विषय आत्ता घेण्याचं कारण तुम्हाला कळलंच असेल. एप्रिल-मेची सुट्टी जवळ आली की आपल्याकडची कितीतरी मुलं हिमाचल, उत्तराखंडच्या ट्रेकला जातात. पालक स्वेटर किती घ्यायचे, बूट कसले, जेवणात काय असतं हे सगळं विचारतात. वाटेत हिमाचे उतार किती आणि ते दिवसाच्या कोणत्या वेळी ओलांडायचे, हे फारसं कुणी विचारत नाही.

जॉर्ज हर्बर्ट ली मॅलरीचा जन्म १८ जून १८८६ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, मॉबर्ली या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. पोराला लहानपणापासून चढायचं वेड. झाड दिसलं की झाड, पाइप दिसला की पाइप. वडिलांच्या चर्चच्या छपरावरही तो चढला होता. (अशी मुलं आपल्याही वर्गात असतात. खिडकीच्या गजाला लोंबकळणारी!) गणितात हुशार, त्यामुळे शिष्यवृत्ती मिळवून तो विंचेस्टर या नामांकित शाळेत गेला. तिथे ग्रॅहम अर्व्हिंग नावाच्या शिक्षकांना गिर्यारोहणाची आवड होती. १९०४ साली ते मॅलरीला आणि त्याच्या एका मित्राला आल्प्स पर्वतात घेऊन गेले. पहिल्याच शिखरावर, माँ व्हेलाँवर, दोघा मुलांना उंची सोसली नाही, उलट्या झाल्या, आणि अर्ध्यातून परत यावं लागलं. पण आवड लागली ती लागलीच. एका शिक्षकाने सुट्टीत दोन मुलांना डोंगरावर नेलं, एवढ्यावरून पुढचं सगळं घडलं.

१९०५ मध्ये तो केंब्रिजला मॉडलिन कॉलेजात इतिहास शिकायला गेला. शिक्षण संपल्यावर १९१० साली चार्टरहाउस या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला. शिस्तीचा मास्तर म्हणून त्याची काही ख्याती नव्हती. मुलांशी तो मित्रासारखा वागायचा, आणि त्या काळच्या मुलांना हे इतकं नवीन होतं की कित्येकांना त्याच्याशी कसं वागावं तेच कळत नसे. पुढे इंग्रजीतला मोठा कवी झालेला रॉबर्ट ग्रेव्हज हा त्याचाच विद्यार्थी. मॅलरी त्याला वेल्समधल्या डोंगरांत कडे चढायला घेऊन जायचा. म्हणजे अर्व्हिंग सरांकडून जे मिळालं ते त्याने पुढच्या मुलाच्या हाती दिलं. ग्रेव्हजच्या लग्नात नवरदेवाच्या बाजूला मुख्य सोबती म्हणून उभा राहिला तोही मॅलरीच.

२९ जुलै १९१४ रोजी त्याचं रूथ टर्नरशी लग्न झालं आणि सहाच दिवसांनी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं. मॅलरी तोफखान्यात गेला, १९१६ ची सोमची लढाई त्याने पाहिली. युद्धानंतर पुन्हा शाळेत आला. तोवर क्लेअर आणि बेरिज या दोन मुली झाल्या होत्या, १९२० मध्ये मुलगा जॉन झाला. शाळेच्या ठरीव चाकोरीला तो कंटाळला होता. वेगळ्या पद्धतीची शाळा काढायचे बेतही मित्रांबरोबर चालले होते. अशात १९२१ मध्ये एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमेचं बोलावणं आलं आणि त्याने नोकरी सोडली. घरात तीन लहान मुलं असताना! त्याच्या या निर्णयाचं कौतुक करावं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही.

त्या वेळी नेपाळ परदेशी लोकांना बंद होता. त्यामुळे दार्जिलिंगहून सिक्कीम, तिथून तिबेटचं पठार, असा शेकडो किलोमीटरचा वळसा घालून उत्तरेकडून डोंगर गाठावा लागे. १९२१ ची मोहीम चढाईची कमी आणि वाट शोधण्याची जास्त होती. डोंगराच्या पायथ्यापर्यंतचा नकाशाच नव्हता हो. डॉ. अलेक्झांडर केलास हे हिमालयाचे अनुभवी जाणकार वाटेतच वारले. मॅलरी आणि त्याचा शाळासोबती गाय बुलक महिनोन् महिने हिमनद्या पालथ्या घालत होते. पूर्व रोंगबुक हिमनदीची किल्ली सापडली ती कॅनडाहून आलेल्या ऑलिव्हर व्हीलर या सर्वेक्षकाच्या कामातून. शेवटी २४ सप्टेंबर १९२१ रोजी मॅलरी, बुलक, व्हीलर आणि तीन हमाल नॉर्थ कोलवर पोहोचले. कोल म्हणजे दोन शिखरांमधली खिंड. वर वारा इतका भयंकर होता की पुढे जाणं शक्यच नव्हतं. पण वाट दिसली. त्या खिंडीवर जायचं तर पूर्वेकडच्या तोंडाचा, हिमाने भरलेला, मध्येमध्ये उभ्या बर्फाचे कडे असलेला उतार चढावा लागतो. हाच तो उतार.

आता थोडं थांबून हिमाविषयी बोलू, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय नीट कळणार नाही.

आपण मराठीत सरसकट 'बर्फ' म्हणतो. फ्रीजमधला तो बर्फ आणि आकाशातून पडतो तोही बर्फ. डोंगरावर मात्र फरक पडतो. आकाशातून भुरभुर पडतं ते हिम, आणि दाबून, गोठून कडक झाला तो बर्फ. हिम एकदम सगळं पडत नाही. आज थोडं, आठ दिवसांनी पुन्हा थोडं, मधल्या दिवसांत ऊन, वारा, कडाक्याची थंडी. त्यामुळे उतारावर त्याचे थर बसत जातात, भाकऱ्यांची चवड असावी तसे. एखादा थर घट्ट, एखादा साखरेसारखा सुटा, एखाद्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत. वरचा थर खालच्या थराला नीट चिकटला असेल तर काळजी नाही. चिकटला नसेल तर तो नुसता टेकलेला असतो. त्यावर आणखी हिम पडलं, वाऱ्याने एका बाजूचं उडवून दुसऱ्या बाजूला आणून लादलं, किंवा माणूस चढला, की वजन सोसेनासं होतं आणि अख्खा थर पाटीसारखा तुटून सरकतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. हिमस्खलनात सापडलेल्या माणसांच्या बाबतीत बहुतेक वेळा थर तुटण्याचं निमित्त ती माणसं स्वतः किंवा त्यांचेच सोबती असतात.

वर्गात हे दाखवायला सोपं आहे. एका ट्रेमध्ये खाली थोडं पीठ दाबून बसवा, त्यावर साखरेचा पातळ थर पसरा, त्यावर पुन्हा पीठ घालून हाताने हलकेच दाबा. मग ट्रेची एक बाजू हळूहळू उचला. आधी काहीच होत नाही. मग वरच्या पिठात एक आडवी भेग पडते आणि पट्टाच्या पट्टा खाली येतो. कंपासपेटीतला कोनमापक शेजारी धरून मुलांना कोन मोजायला लावा. डोंगरावर अशी स्खलनं जास्त करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून उभ्या कड्यावर हिम फारसं साठतच नाही, पडेल तसं घसरत राहतं. त्याहून सपाट जागी ते सहसा सरकत नाही. गंमत म्हणजे चढायला जो उतार बरा वाटतो, तो बऱ्याचदा याच कोनात बसतो.

वसंतातल्या हिमाची तऱ्हा आणखी वेगळी. दिवसा उन्हाने वरचं हिम वितळतं, ते पाणी खाली झिरपतं आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. रात्री आभाळ निरभ्र असेल तर तेच पाणी गोठून वर कडक पापुद्रा तयार होतो. म्हणून पहाटे ज्या उतारावर बुटाची टाच जेमतेम उमटते, तिथेच दुपारी माणूस गुडघ्यापर्यंत रुततो. सकाळचा भरवशाचा उतार दुपारी भरवशाचा राहत नाही. रात्रभर ढग असले आणि गारठा पडला नाही तर सकाळचाही भरवसा नाही. उतारावरून हिमाचे छोटे गोळे आपोआप गडगडत यायला लागले, पाय घोट्याच्या वर रुतायला लागला, की जाणकार वाटाडे तिथून माघारी फिरतात. ट्रेकवर पहाटे तीनला उठवतात म्हणून मुलं कुरकुरतात ना, त्यामागे हे कारण असतं.

आता १९२२.

या मोहिमेचा प्रमुख जनरल चार्ल्स ब्रूस. २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि डॉ. हॉवर्ड सॉमरवेल कृत्रिम प्राणवायूशिवाय सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत गेले. तोपर्यंत इतक्या उंचीवर माणूस पोहोचलेला नव्हता. उतरताना दोराला बांधलेल्या चौघांपैकी एकाचा पाय घसरला, त्याने बाकीच्यांनाही ओढलं. मॅलरीने क्षणात आपली बर्फाची कुऱ्हाड हिमात रोवली, दोर तिच्याभोवती अडकवला आणि तिघांना थोपवून धरलं. त्यानंतर २७ मे रोजी फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या नळकांड्या घेऊन आणखी वर, ८,३२० मीटरच्या आसपास जाऊन आले.

इथेच थांबले असते तर मोहीम यशस्वी म्हटली गेली असती. पण जूनच्या सुरुवातीला तिसरा प्रयत्न ठरला. मान्सून दारात आला होता. आपल्याकडे कोकणात पाऊस उतरतो तेव्हा तीच ओल पुढे हिमालयावर हिम होऊन पडते. मंडळी निघाली आणि मोठा हिमवर्षाव झाला. ६ जूनला आभाळ उघडलं, स्वच्छ ऊन पडलं. एका दिवसाच्या उन्हाने नवं हिम दबून घट्ट झालं असेल असा अंदाज बांधला गेला.

७ जून १९२२ च्या सकाळी सतरा माणसं तिसऱ्या छावणीतून निघाली. मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड आणि चौदा हमाल, म्हणजे शेर्पा आणि भोटिया. चार दोरांवर सगळे बांधलेले. नवं हिम गुडघ्याच्याही वर. पुढचे पायवाट पाडणार, मागचे ओझी घेऊन तिच्यावरून येणार. खालच्या भागात एक जास्त उभा टप्पा होता. तिथे त्यांनी मुद्दाम हिमाची परीक्षा केली. सरकायचं असेल तर इथेच सरकेल, असा हिशेब. हिम सरकलं नाही. पुढचा उतार तर त्यापेक्षा सौम्य. मग भीती कसली?

हा हिशेब वाचताना मला दरवेळी थांबायला होतं, कारण तो मूर्खपणाचा नव्हता. अनुभवी माणसांनी विचार करून केलेला होता. चूक अशी की एका जागी केलेली परीक्षा शंभर मीटर पलीकडच्या जागेला लागू पडेलच असं नाही. पलीकडे वाऱ्याने किती हिम आणून टाकलंय, खालचा थर कसा आहे, ते वेगळंच असू शकतं. आज हे गिर्यारोहणाच्या प्राथमिक वर्गात शिकवतात. तेव्हा हिमाचं शास्त्र असं काही नव्हतंच. स्वित्झर्लंडमध्ये दाव्होसच्या वर वाइसफ्लुयोख येथे हिमाची प्रयोगशाळा सुरू झाली ती १९३६ च्या हिवाळ्यात. मॅलरीजवळ होता तो आल्प्सचा अनुभव आणि अंदाज.

दुपारी साधारण दीड वाजता, खिंड सुमारे दोनशे मीटर वर राहिली असताना, मोठा आवाज झाला. समोरचं हिम फाटलं आणि पायाखालचं सगळं चालू लागलं. पहिल्या दोरावरचे चौघे वाहत गेले, पण हिमाच्या वर राहिले आणि थोड्या अंतरावर थांबले. दुसऱ्या दोरावरचेही वाचले. शेवटच्या दोन दोरांवर नऊ जण होते. ते खालच्या बर्फाच्या कड्यावरून थेट हिमभेगेत फेकले गेले आणि वरून हिम कोसळत राहिलं. वाचलेल्यांनी हातांनी, मिळेल त्याने उकरलं. दोघे जिवंत निघाले. सात गेले. त्यांतल्या एकाचा देहसुद्धा मिळाला नाही.

हिमाखाली गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघाला तर वाचण्याची बरीच आशा असते. पुढे ती फार वेगाने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत वेळ संपलेली असते, म्हणून सोबत्यांनीच उकरायचं असतं. आज त्यासाठी संदेश देणारं छोटं यंत्र, लांब काठी आणि फावडं जवळ बाळगतात. १९२२ मध्ये यांतलं काही नव्हतं.

गेलेले सातही जण ओझी वाहणारे होते. तीन गोऱ्यांपैकी एकालाही काही झालं नाही. सॉमरवेलला हे फार लागलं. आपल्यातला कुणीतरी त्यांच्याबरोबर गेला असता तर निदान वाटा सारखा झाला असता, असं त्याला वाटत राहिलं. हा माणूस पुढे त्रावणकोर संस्थानात नेय्यूर येथील मिशन रुग्णालयात शस्त्रक्रिया करत वर्षानुवर्षे राहिला. त्याच्यावर कधीतरी वेगळा लेख लिहायला हवा. मॅलरीनेही पळवाट काढली नाही. घरी रूथला आणि मोहिमेच्या वडीलधाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत त्याने दोष स्वतःकडे घेतला. हे लोक डोंगराचे धोके पुरते ओळखत नव्हते, आमच्या शब्दावर विश्वास ठेवून मागून येत होते, ही गोष्ट त्याला छळत होती. अनुभवी सहकाऱ्यांनी टीकाही केली. इतक्या ताज्या हिमात त्या उतारावर जायलाच नको होतं, असं त्यांचं मत होतं, आणि मला ते पटतं. मान्सूनचं हिम पडल्यावर एका दिवसात निघण्याची घाई होती ती मोसम संपत आल्यामुळे. डोंगराला आपल्या वेळापत्रकाशी देणंघेणं नसतं.

१९२४ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, फ्रान्समधल्या शॅमोनी येथे, १९२२ च्या मोहिमेला गिर्यारोहणाची पदके दिली गेली. त्यांत त्या सात मृतांचाही समावेश होता.

मधल्या काळात मॅलरीने १९२३ मध्ये अमेरिकेत व्याख्यानांचा दौरा केला. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागात त्याला नोकरी मिळाली. कामगारांना, मोठ्या वयाच्या लोकांना इतिहास शिकवायचा. काम त्याच्या आवडीचं होतं, घरही जमायला लागलं होतं. तरीही तिसऱ्या मोहिमेला तो हो म्हणाला. फेब्रुवारी १९२४ च्या शेवटी 'कॅलिफोर्निया' बोटीने लिव्हरपूलहून निघून तो मार्चमध्ये मुंबईला उतरला आणि रेल्वेने दार्जिलिंगकडे गेला. बरोबर सँडी अर्विन नावाचा बावीस वर्षांचा ऑक्सफर्डचा विद्यार्थी होता, यंत्रांच्या कामात पटाईत. जनरल ब्रूस वाटेत हिवतापाने आजारी पडला आणि नॉर्टनकडे नेतृत्व आलं.

मे महिन्याचं हवामान त्या वर्षी फारच वाईट निघालं. वादळं, हाडं गोठवणारी थंडी. मंडळींना एकदा सगळं सोडून खाली यावं लागलं. दुसऱ्यांदा वर गेल्यावर २१ मे रोजी नॉर्थ कोलवर हॅझर्ड हा सदस्य बारा हमालांसह थांबला. हिम पडतच होतं. २३ तारखेला तो सर्वांना घेऊन खाली निघाला. आठ जण त्याच्याबरोबर उतरले. चार जण उतारावरचं ताजं हिम पाहून मागे फिरले आणि खिंडीतल्या छावणीत परत गेले. त्यांना भ्यालेले म्हणायचं का? दोन वर्षांपूर्वी याच उतारावर त्यांचे सात सोबती गेले होते. मला तर त्यांचं मागे फिरणं शहाणपणाचं वाटतं. पण वर राहणंही मरणच होतं. खाणं संपत आलं होतं आणि नामग्या नावाच्या हमालाचे हात हिमदंशाने गेल्यात जमा होते.

आता विचार करा. मोहिमेपुढे शिखर आहे. मोसमाचे मोजके दिवस उरलेत. सगळे दमलेले, खोकल्याने बेजार. उतार पुन्हा तसाच, नव्या हिमाने लादलेला. नॉर्टन, सॉमरवेल आणि मॅलरी हे तिघे मोहिमेचे सर्वांत कसलेले चढणारे. २४ मे रोजी तेच तिघे त्या चौघांना आणायला निघाले. शिखराची आशा यात गेली तरी चालेल, असा निर्णय होता.

शेवटच्या टप्प्यात सर्वांत वाईट आडवा उतार होता. सॉमरवेल दोर बांधून पुढे गेला. मॅलरी आणि नॉर्टन मागे पाय रोवून, कुऱ्हाडी रोवून दोर सोडत राहिले. दोर संपला आणि चौघे अजून काही मीटर लांबच! पहिले दोघे एकेक करून सॉमरवेलपर्यंत आले. बाकीचे दोघे एकदमच निघाले, त्यांच्या पायाखालचं हिम सुटलं आणि ते घसरत कड्याच्या दिशेने गेले. थोडं पुढे त्यांच्यासमोर गोळा झालेल्या हिमानेच त्यांना अडवलं. सॉमरवेलने त्यांना अजिबात हालू नका म्हणून बजावलं. मग त्याने स्वतःच्या कमरेचा दोर सोडला, कुऱ्हाड हिमात खोल रोवून दोर तिच्याभोवती घेतला, त्याचं टोक एका हातात घट्ट धरलं आणि शरीर ताणून दुसऱ्या हाताने एकेकाला मानगुटीला धरून ओढून घेतलं. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास चौघेही सुखरूप उतरायला लागले. अंधारात खालून नोएल आणि ओडेल गरम सूप घेऊन समोर आले.

मॅलरीचं नाव पुस्तकांत येतं ते यापुढच्या पंधरा दिवसांसाठी. २४ मे हा दिवस बहुतेक ठिकाणी दोन ओळींत आटोपतात. त्या दिवशी त्याच्या हातात दोर होता आणि पुढे दोराच्या टोकाला माणसं होती. दोन वर्षांपूर्वी त्याच उतारावर मागच्या दोरांवर माणसं होती. त्याच्या मनात काय चाललं असेल ते आपण फक्त समजू शकतो.

पुढचं थोडक्यात. ४ जूनला नॉर्टन प्राणवायूशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेला. ८ जूनला मॅलरी आणि अर्विन वरच्या छावणीतून निघाले. दुपारी ढग क्षणभर बाजूला झाले तेव्हा ओडेलला ते वरच्या धारेवर हलताना दिसले, मग ढगांनी झाकले गेले. त्यानंतर ते परत आलेच नाहीत. मॅलरी तेव्हा सदतीस वर्षांचा होता. १ मे १९९९ रोजी कॉनराड अँकर या अमेरिकी गिर्यारोहकाला त्याचा देह ८,१५५ मीटरच्या आसपास सापडला. पाय मोडलेला, कमरेला तुटलेला दोर.

हिमस्खलनाचा इशारा आज आपल्या देशातही मिळतो. चंदीगडची संरक्षण खात्याची संस्था काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंडसाठी तो देते. मुलाला ट्रेकला पाठवताना आयोजकांना तीन गोष्टी जरूर विचारा : तो इशारा रोज कोण पाहतं, हिमाचे उतार किती वाजेपर्यंत ओलांडून होतात, आणि हवामान बिघडलं तर माघारी फिरायचा अधिकार कुणाकडे आहे. वाटाड्या स्थानिक असेल तर त्याचं म्हणणं शेवटचं धरतात का, तेही विचारा. उत्तर देताना कुणी चिडलं तर ट्रेक बदला!

जून १९२४ मध्ये उरलेली मंडळी परत निघण्यापूर्वी रोंगबुकच्या तळछावणीजवळ त्यांनी दगडांचा एक मोठा मनोरा रचला. तीन मोहिमांत गेलेल्यांची नावे दगडांवर कोरली. कोरण्याचं काम बीथम आणि सॉमरवेलने केलं. बारा नावे होती. डॉ. केलास, १९२४ च्या मोहिमेत वारलेले मनबहादुर आणि शमशेरपुन, मॅलरी, अर्विन, आणि नॉर्थ कोलच्या उतारावरचे ते सात.